पिट्सबर्गहून बाबांना

पिट्सबर्ग, १२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

दिवाळीच्या साफसफाईत तुम्ही माळ्यावरची क्रिकेटची स्कोअरबुकं रद्दीत द्यायला काढलीत, असं आई म्हणाली. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. फोटो काढून दादाच्या व्हॉट्सॲपवर पाठवीन, तो वाचून दाखवेल.

काल इथल्या ॲलेघेनी दफनभूमीत जॉश गिब्सन या जुन्या कृष्णवर्णीय बेसबॉलपटूचं थडगं पाहून आले. जमिनीलगतचा साधा दगड, आणि तोही १९७५ साली बसवलेला. तोवर २८ वर्षं तिथे नावसुद्धा नव्हतं. आज मेजर लीग बेसबॉलच्या, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या दर्जाच्या बेसबॉलच्या, अधिकृत यादीत फलंदाजीच्या सरासरीत हाच माणूस सगळ्यांच्या वर आहे: .३७२. आपल्या क्रिकेटमधली धावांची सरासरी वेगळी. इथे हिशेब असा, की हजार वेळा फलंदाजीला उभा राहिला तर ३७२ वेळा फटका मारून सुखरूप बेसवर पोचला. तोवर पहिला असलेल्या टाय कॉब या गोऱ्या खेळाडूला त्याने मागे टाकलं ते मे २०२४मध्ये, म्हणजे मेल्यानंतर ७७ वर्षांनी.

कृष्णवर्णीयांना तेव्हा गोऱ्यांच्या संघांत घेत नसत. नियम कुठे लिहिलेला नव्हता, मालकांचं आपसांत ठरलेलं होतं. म्हणून १९२०मध्ये रूब फॉस्टरने कॅन्सस सिटीत संघमालकांना एकत्र बसवून कृष्णवर्णीयांची लीग उभी केली. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला ब्रुकलिनच्या मेजर लीग संघाने मैदानात उतरवलं ते १५ एप्रिल १९४७ला. गिब्सन त्याच वर्षी २० जानेवारीला गेला, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. तीन महिने, बाबा!

मला सगळ्यात लागलं ते पुढचं. १९६९मध्ये कोणकोणत्या लीगना ‘मेजर’ मानायचं हे ठरवायला एक समिती बसली. तिने सहा लीग मान्य केल्या. त्यात १८८४ची, एकच हंगाम चालून बंद पडलेली युनियन असोसिएशनसुद्धा होती. कृष्णवर्णीयांच्या लीगचा विचारही झाला नाही. तो डिसेंबर २०२०मध्ये झाला, तेव्हा १९२० ते १९४८मधल्या सात लीग आणि सुमारे ३,४०० खेळाडू ‘मेजर’ ठरले.

पण नुसतं ठरवून आकडे मिळत नाहीत. अभ्यासक कितीतरी वर्षं आधीपासून कृष्णवर्णीयांची जुनी वर्तमानपत्रं, इथलं ‘पिट्सबर्ग कुरिअर’, ‘शिकागो डिफेंडर’, पान पान करून वाचत होते. सामन्याचा पूर्ण धावफलक सापडला, फलंदाजांचे आणि पिचरचे (म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे) रकाने एकमेकांशी जुळले, तरच नोंद धरायची. वाचताना मला कराडचं मैदान दिसलं. सामना संपून लोक पांगले तरी तुम्ही गोलंदाजांच्या दिलेल्या धावा आणि अवांतर मिळवून संघाच्या धावांशी ताडत बसायचात, आणि मी शेजारी पेन्सिलींना टोक करायची.

या काटेकोरपणाची किंमत त्या खेळाडूंनाच मोजावी लागली. हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या स्मारक-संग्रहालयातल्या गिब्सनच्या फलकावर जवळजवळ ८०० होमरनचा (आपल्या षटकारासारखा फटका) उल्लेख आहे. अधिकृत यादीत ते दोनशेसुद्धा भरत नाहीत, कारण पोटासाठी गावोगाव फिरून खेळलेले सामने लीगचे नव्हते. पुढे मेजर लीगमध्ये गाजलेल्या विली मेजला कृष्णवर्णीयांच्या लीगमधले १९४८चे दहा हिट (यशस्वी फटके) मिळाले. त्याच साली त्याने मारलेल्या एका होमरनची बातमी आहे, पण धावफलक सापडत नाही, म्हणून त्याचे होमरन होते तेवढेच, ६६० राहिले. बातमी आहे पण धावफलक नाही, तर धाव नाही. तुम्हीही हेच म्हणाला असता.

हंगाम लहान होते, तुलना कशी करायची, असं इथे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. २०२०मध्ये कोरोनामुळे मेजर लीगचे संघ फार तर साठच सामने खेळले आणि तो हंगाम पूर्ण धरला गेला. आणि गोऱ्यांचे जुने विक्रमसुद्धा सॅचेल पेजसारख्या कृष्णवर्णीय पिचरला एकदाही सामोरं न जाता झालेले आहेत, त्याचं काय?

तुम्ही सांगायचात ते पालवणकर बाळू, अस्पृश्य मानलेल्या जातीतले गोलंदाज, सारखे आठवत होते. पुण्यात संघासाठी विकेट काढायच्या आणि चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. गिब्सन जन्मला त्याच १९११ साली बाळूंनी इंग्लंडच्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, तरी कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. पण ते ११४ निदान कागदावर उतरले, म्हणून तुम्ही मला आकडा सांगू शकलात.

तर बाबा, माळ्यावरच्या त्या वह्यांत साखर कारखान्याच्या संघाची पोरं आहेत, एसटीच्या वर्कशॉपची आहेत, बूट नसताना अनवाणी गोलंदाजी करणारा तो डावखुरा आहे. त्यांची नोंद दुसऱ्या कुणाकडेच नाही. वह्या कोरड्या फडक्यात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवा, खालचा कप्पा रिकामा आहे. डिसेंबरात आले की एकेक पान स्कॅन करू. पुसट झालेली नावं तुम्ही सांगा, मी लिहून घेईन.

आईला नमस्कार.

तुमची धाकटी