घोडा का अडला? मा. पशुसंवर्धन मंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

‘घोडा का अडला?’ या कोड्याचं ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर शाळेतच पाठ होतं. नाशिकच्या रस्त्यावरचा घोडा मात्र बहुधा उलट कारणानं अडतो. तो फिरून फिरून आखडलेला असतो आणि कुठे आखडलाय, हे कुणी हात लावून पाहिलेलं नसतं. 2027 च्या सिंहस्थात आखाड्यांच्या मिरवणुकांना बाहेरून घोडे येतील, इथले वरातीचे आणि टांग्याचेही कामाला लागतील. त्याआधी आपल्या खात्यानं घोडेवाल्यांना आणि मोतद्दारांना (घोड्यांची निगा राखणाऱ्यांना) मालिश रीतसर शिकवावी, एवढ्यासाठी हे पत्र.

घोड्याला आपल्यासारखी हासळी (गळ्याखालचं आडवं हाड) नसते. पुढचे दोन्ही पाय धडाला हाडानं नव्हे, स्नायूंनी जोडलेले असतात आणि उभ्या घोड्याचा सुमारे 60 टक्के भार त्याच पायांवर असतो. वरातीची घोडी दोन-तीन तास डीजेपुढे डांबरावर उभी राहते. लगाम आवळून मान वर धरलेली असली की पाठ खाली दबते आणि त्याच दबलेल्या पाठीवर नवरदेव बसतो. जीन धरून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं नको, हा जगभरचा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे 300 किलोच्या घोडीला 60 किलो. (नवरदेवाला वजन विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.) त्यातून तो स्टूल न घेता डावीकडून जीन ओढत चढला की आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापाशी रोज एकाच बाजूला हिसका बसतो. टांग्याचं दुखणं वेगळं. मागे वजन जास्त झालं की टांगा उलाळतो, दांड्या वर उचलल्या जातात आणि तंग (साज आवळणारा पट्टा) छातीखाली काचतो. पुढे वजन जास्त झालं तर तेच ओझं पाठीवर येतं.

अशा घोड्याला मालिश कशी करायची, ते सांगतो. कामावरून आल्यावर तंग सैल करून दहा मिनिटं हातानं चालवायचं. श्वास मिनिटाला 16 च्या आत आला की आधी खरारा करून धूळ काढायची, कारण धुळीवर चोळलं तर कातडी सोलते. सुरुवात डाव्या कानामागून, केसांच्या दिशेनं, सपाट तळव्यानं. पहिला दाब द्राक्षाचा घड हाताळावा तेवढाच. स्नायू सैल पडेल तसा तळहाताच्या टाचेनं वाढवायचा. मानेवरून खांद्याच्या पुढच्या कडेला, तिथून कोपरामागे तंग बसतो त्या पट्ट्यावर. पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर रुंदीचा लांब स्नायू असतो. हात त्यावर ठेवायचा, कण्याच्या हाडावर कधीच दाब द्यायचा नाही. पुठ्ठ्यावर (मागच्या मांसल भागावर) मूठ गोल फिरवायची. उभं राहायचं अंगाला चिकटून, बाजूला, आणि एक हात सतत घोड्यावर ठेवायचा. दोन्ही बाजू मिळून अर्धा-पाऊण तास पुरतो.

घोडा बोलतो, फक्त वाचता आलं पाहिजे. मान खाली गेली, खालचा ओठ लोंबला, जांभई दिली किंवा तोंड चावल्यासारखं हललं, तर जागा बरोबर सापडली. कान मागे चिकटले, शेपटी फटकारली किंवा पाठ हाताखालून निसटली, तर दाब जास्त आहे किंवा तिथे दुखतंय. तीच जागा तीन दिवस लागोपाठ दुखली तर आधी जीन उलटी करून गादी तपासा. ओलावून वाळलेली गादी गोळा होते आणि रुतते. जीन ठीक असेल तर डॉक्टरला बोलवा. लंगडणं दिसण्याआधी दुखणं हाताला कळतं, हा आमच्या मते मालिशचा सर्वांत मोठा फायदा.

बाकी फायद्यांबद्दल बढाई नको. आयाळीच्या बुडाशी, घोडे एकमेकांना खाजवतात त्या जागी, हातानं खाजवलं की नाडीचे ठोके कमी होतात. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवरचा हा अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. मात्र मालिशनं लॅक्टिक आम्ल बाहेर पडतं, हे खरं नाही. ते शरीर स्वतःच तासा-दीड तासात संपवतं. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच, तिथे कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) असतात. त्या सुजून तापल्या असतील तर चोळायचं नाही, 15-20 मिनिटं थंड पाण्याची धार धरायची. तेलाचीही गरज नाही. तेलावर धूळ बसते, जीन सरकते. झोंबणारं टर्पेंटाइनचं औषध तंगाखाली राहिलं तर फोड येतात.

मालिश कधी करायची नाही, हेही शिकवावं लागेल. ताप (विश्रांतीत 38.6 अंशांच्या वर), पोटशूळ, खुरांचा दाह, उघडी जखम, नाकातून घट्ट स्राव, यांपैकी काहीही असेल तर हात आवरायचा. सगळ्यांत फसवं दुखणं सुट्टीनंतरचं. दोन दिवस घोडा बांधून ठेवला, चंदी (दाणा) मात्र पूर्ण दिली आणि तिसऱ्या दिवशी कामाला काढला, की पुठ्ठा दगडासारखा कडक होतो, घाम सुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची येते. स्नायू तुटून त्यातलं रंगद्रव्य मूत्रपिंडात उतरलेलं असतं. लोक इथेच जोरात चोळतात आणि घोड्याला चालवतात. दोन्ही घातक आहेत. जागेवर उभं ठेवून ताबडतोब डॉक्टर हवा.

खात्याकडे मागणं मोठं नाही. नाशिकच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात दहा-दहा जणांच्या तुकड्या, दोघांमागे एक घोडा, चार दिवस सकाळी. शिकवायला माफसूचे (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे) प्राध्यापक आणि सोबत एक अनुभवी नालबंद, कारण वाढलेल्या खुरावर उभ्या घोड्याची पाठ मालिशनं सुटत नाही. येवल्याच्या घोडेबाजारात प्रात्यक्षिक ठेवलं तर गावोगावचे लोक एका जागी सापडतील. कृपा करून तेलाच्या बाटल्यांचे किट वाटू नका. त्या पैशात थर्मामीटर द्या.

आणखी एक. 1965 च्या ओझेवाहू जनावरांच्या नियमांनुसार दिवसात एकूण नऊ तासांहून जास्त, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही. तापमान 37 अंशांवर गेलेलं असेल तर दुपारी 12 ते 3 जुंपताच येत नाही. ‘मालिश करतो ना’ म्हणून यात सवलत देऊ नये. सिंहस्थाची स्नानं 2015 प्रमाणेच पावसाळ्यात येतील. तेव्हा भिजलेल्या गाद्या वाळवायला तपोवनातल्या साधुग्रामाजवळ पत्र्याचं एक छप्पर, कोरडी जमीन आणि पाण्याची तोटी लागेल. माहितीपत्रक मराठीबरोबर हिंदीतही छापावं, आखाड्यांसोबत येणारे बरेचसे मोतद्दार हिंदी बोलणारे असतात. पहिली तुकडी लग्नसराई संपताच घ्या. त्याआधी बोलावलं तर कुणी येणार नाही.

आपले,
नाशिक शहर व परिसरातील अश्वपालक, मोतद्दार आणि नालबंद