तपकिरी रंग कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अल्क धातूंची (लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम) अभिक्रियाशीलता गणात, म्हणजे आवर्तसारणीच्या उभ्या स्तंभात, वरून खाली वाढते, हॅलोजनांची (क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन) घटते. कारण एकच: अणू मोठा होतो. इलेक्ट्रॉन सोडायचा असेल तर ते सोयीचे, ओढून घ्यायचा असेल तर अडचणीचे. हे मुलांना तोंडपाठ असते, पण प्रयोग पाहून पटत नाही, कारण हॅलोजनांचा प्रयोग हमखास फसतो.

धातूंचे त्या मानाने सोपे. शिक्षकांनीच, संरक्षक पडद्याआडून, तिन्हींचे जेमतेम ३ मिमीचे ताजे कापलेले तुकडे तेल टिपून पसरट भांड्यातल्या पाण्यात सोडावेत. लिथिअम नुसते फसफसते, सोडिअमची वितळून गोळी होते, पोटॅशिअम जांभळट ज्योतीने पेटते. पोटॅशिअमवर पिवळे-नारिंगी कवच चढले असेल तर सुरी लावूच नये. ते सुपरऑक्साइड तेलाबरोबर स्फोट घडवू शकते.

खरा घोळ परीक्षानळीत होतो. ०.१ मोलर पोटॅशिअम ब्रोमाइड आणि आयोडाइड प्रत्येकी २ मिली घेऊन त्यांत क्लोरीनचे पाणी घातले की जास्त क्रियाशील क्लोरीन त्यांतले ब्रोमीन आणि आयोडीन सुटे करतो, पण दोन्ही नळ्या पिवळ्या-तपकिरी दिसतात. आयोडीनच्या जांभळ्या रंगाची वाट पाहणारी मुले गोंधळतात. सुटे झालेले आयोडीन उरलेल्या आयोडाइडला जोडले जाते आणि पाण्यात तपकिरीच दिसते. म्हणून १ मिली सायक्लोहेक्झेन (पाण्यात न मिसळता वर तरंगणारा द्रव) घालून, बूच लावून नळी हलवावी. वरचा थर ब्रोमीनमुळे नारिंगी, आयोडीनमुळे स्वच्छ जांभळा होतो. या एका थरावाचून हा प्रयोग करण्यात अर्थ नाही, असे माझे ठाम मत आहे.

क्लोरीनचे पाणी शिळे असेल तर काहीच घडत नाही. उजेडात त्यातला क्लोरीन संपतो. आधी निळा लिटमस बुडवावा, रंग उडाला तरच ते वापरावे. उलट आयोडाइडमध्ये ते भसाभस ओतले तर आलेला रंगही जातो, कारण आयोडीनचे रंगहीन आयोडेट होते. थेंबाथेंबानेच घालावे.

आयोडीन ब्रोमाइडमध्ये घातल्यावर काही होत नाही, हीसुद्धा नोंद लिहायला लावावी. ब्रोमीन आणि आयोडीन यांचा क्रम तिच्यावरच ठरतो. शेजारी आयोडीन आणि साधे पाणी यांची नळी ठेवली की ‘बदल नाही’ हे डोळ्यांना दिसते. सायक्लोहेक्झेन ज्वालाग्राही आहे: बर्नर बंद हवा, आणि उरलेले द्रावण मोरीत न ओतता वेगळ्या बाटलीत साठवावे.

आपला,
एक विज्ञान शिक्षक