पाठ केलेला स्कॅट म्हणजे उपज नव्हे

महोदय,

महाविद्यालयीन पाश्चात्त्य गायन स्पर्धांवरचा आपल्या दैनिकातला लेख वाचला. जॅझमधली उत्स्फूर्त गायकी, म्हणजे आपल्याकडची उपज, शिकवता येत नाही, ती रक्तातच असावी लागते, असे त्यात म्हटले आहे. मी वसईत मुलांना हीच गायकी शिकवते. हे मत मला मान्य नाही आणि त्याने मुलांचे नुकसान होते, म्हणून हे पत्र.

शिकवता येत नाही असे एकदा ठरले की शिक्षक रेकॉर्डवरचा सोलो, म्हणजे कलाकाराने एकट्याने गायलेला-वाजवलेला उत्स्फूर्त तुकडा, पाठ करून घेतात. मागे एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एका मुलीने अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डचा १९६०च्या बर्लिन मैफलीतला स्कॅट (शब्दांऐवजी निरर्थक अक्षरांतले गाणे) अक्षरन् अक्षर, श्वासाच्या जागांसकट म्हटला. गळा सुरेख होता. परीक्षकांनी उत्स्फूर्त गायनाचे बक्षीस दिले. नंतर तिच्याशी बोलले, तेव्हा कळले की खालची कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ, कुठे बदलते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. यात तिचा काय दोष?

एला स्वतः ड्रमवादक चिक वेबच्या बँडमध्ये गात वाढली, १९४६ साली ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या बँडबरोबर फिरली आणि वाद्यांचे तुकडे ऐकून ऐकून गळ्यात उतरवत गेली. जॅझ गायक-वादक लुई आर्मस्ट्राँगची तर मुलांना एकच गोष्ट ठाऊक असते: १९२६च्या रेकॉर्डिंगला गाण्याचा कागद हातून पडला आणि स्कॅट जन्मला. ती खरी धरली, तरी त्याआधी कितीतरी वर्षे तो कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखे वाद्य वाजवत होता. ऐन वेळी तोंडून आले ते बोटांनी आधी घोटलेले होते.

माझ्या वर्गात सुरुवात बारा बारांच्या ब्लूजने होते. बार म्हणजे चार मात्रांचा खंड, आणि ब्लूज म्हणजे अशा बारा खंडांत ठरावीक कॉर्ड फिरणारा साचा. सी हा सा धरला, तर पहिले चार बार सी सेव्हन ही कॉर्ड. त्यात गंधार शुद्ध, निषाद कोमल. पाचव्या बारला एफ सेव्हन आली की गंधार कोमल होतो आणि तो कोमल निषाद अर्धा सूर उतरून शुद्ध धैवतावर येतो. मुलांनी आधी एवढेच गायचे: चार बार शुद्ध गंधार, दोन बार कोमल, परत दोन बार शुद्ध. उरलेले चार बार नुसते ऐकायचे. पियानो थांबवला तरी हा बदल मनात ऐकू येऊ लागला, की मूल आपणहून दोन सूर जोडते. मग मी दोन बार गाते, ते दोन बारांत उत्तर देते. लाजरी मुलेही देतात.

माझ्याकडची बरीच मुले शास्त्रीय संगीत शिकून आलेली असतात. सूर पक्का असतो, पण तानपुऱ्याचा सा कधी हलत नाही, त्यामुळे कॉर्ड बदलून पायाखालची जमीन सरकते तेव्हा ती गोंधळतात. समेच्या सवयीने टाळी पहिल्या मात्रेवर पडते. इथे ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हवी, म्हणून मेट्रोनोम त्या दोन मात्रांवरच लावते. लांब आकारात स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ठेका, येत नाही. सूर जिभेने सोडावा लागतो, डू-बा, डू-बा, आणि शेवटी ‘डॅट’ म्हणून तोडावा लागतो. याला महिने लागतात. पालकांनी गॅदरिंगची तारीख पुढे करून घाई करू नये, ही कळकळीची विनंती.

मुंबईला हे परके नाही. १९३०च्या दशकात ताजमध्ये जॅझ वाजत होते. गोव्याचे कितीतरी वादक चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून इथे आले, जॅझ मात्र रेकॉर्डी ऐकून शिकले. त्यांच्यातलेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे आपल्या सी. रामचंद्रांचे सहकारी झाले. त्या पिढीला शिकता आले, तर आजच्या मुलांना का नाही?

रेकॉर्डवरून सोलो उतरवून घेणे हा उत्तम अभ्यास आहे, मीही करून घेते. पण उत्स्फूर्ततेचे गुण त्याला देऊ नयेत. ते द्यायचेच असतील, तर आयोजकांनी एक फेरी वेगळी ठेवावी. परीक्षकांनी आयत्या वेळी पट्टी सांगावी, पियानोवादकाने ब्लूज धरावा आणि स्पर्धकाने दोन आवर्तने गावीत. एखादा सूर चुकला तर चुकू द्या. पाचव्या बारला त्याने कान दिला की नाही, ते आधी पाहा.

– एक गायनशिक्षिका, वसई