पहिल्या सत्रात एमेट बंद ठेवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकशाखेच्या पदविका आणि पदवी अभ्यासक्रमांत वेबपृष्ठे घडवण्याचे पहिले धडे आज अनेक ठिकाणी व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरवर दिले जातात. त्या एडिटरमध्ये छोट्या सूत्रावरून पूर्ण कोड उमटवणारी ‘एमेट’ ही सुविधा मुळातच अंतर्भूत असते. इतर काही एडिटरांत ती एक्स्टेन्शन, म्हणजे जोडसुविधा, म्हणून वेगळी बसवावी लागते. शिकाऊ विद्यार्थ्यांनी किमान पहिले सत्र या सुविधेविना काम करावे, असे मला आग्रहाने सुचवायचे आहे.

एमेटची उपयुक्तता मी नाकारत नाही. 2008 मध्ये ‘झेन कोडिंग’ या नावाने सुरू झालेला आणि पुढे सर्गेई चिकुयोनोक यांनी वाढवलेला हा प्रकल्प व्यावसायिकांचे श्रम खरोखर वाचवतो. यादीतले पाच घटक हवे असतील तर छोटेसे सूत्र लिहून टॅब कळ दाबायची, की सगळे टॅग, म्हणजे पृष्ठाचे भाग दाखवणाऱ्या खुणा, उघडून आणि बंद होऊन समोर येतात. नुसते उद्गारचिन्ह टंकून तीच कळ दाबली, तर एचटीएमएलचा, म्हणजे वेबपृष्ठाची रचना ज्या भाषेत लिहितात तिचा, संपूर्ण सांगाडा उमटतो. ज्याला सांगाड्यातील प्रत्येक ओळ आधीपासून ठाऊक आहे, त्याच्यासाठी ही निव्वळ सोय आहे. ज्याने ती ओळ एकदाही स्वतः लिहिलेली नाही, तो मात्र ती वाचतही नाही, हे प्रयोगशाळेत सतत दिसते.

मराठी पृष्ठांच्या बाबतीत याचा परिणाम गंभीर होतो. त्या तयार सांगाड्यात पृष्ठाची भाषा इंग्रजी असल्याचे नोंदलेले असते. विद्यार्थी त्याखाली आपल्या गावाची, ग्रंथालयाची किंवा बचत गटाची माहिती शुद्ध मराठीत लिहितो आणि वरची नोंद तशीच राहते. डोळ्यांनी पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही. परंतु दृष्टिबाधित वाचकाला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ती नोंद पाहून उच्चारण ठरवतो आणि मराठी मजकुरासाठी इंग्रजी आवाजाकडे वळू शकतो. काही देवनागरी टंकांमध्ये (फॉन्टमध्ये) मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ स्वतंत्रपणे दिलेले असतात. ते वापरायचे की हिंदी वळणाचे, हेदेखील याच नोंदीवरून ठरते. मराठी लिपीच्या वळणांबद्दल आपण एवढे आग्रही असताना आपल्याच मुलांनी केलेली पृष्ठे स्वतःला इंग्रजी म्हणवतात, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. पृष्ठाची भाषा योग्य नोंदवणे ही वेब-सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांमधील अगदी प्राथमिक पातळीची अट आहे.

चित्रांचेही तसेच. एमेट चित्राचा टॅग देताना पर्यायी वर्णनाची जागा रिकामी ठेवते. ती भरायची असते, पण रिकामी राहिली तरी पृष्ठ बिनबोभाट चालते, आणि रिकाम्या वर्णनाचा अर्थ ‘हे चित्र केवळ शोभेचे आहे’ असा होत असल्याने स्क्रीन रीडर ते ओलांडून पुढे जातो.

सांगाड्यातील अक्षरसंकेताची ओळ, म्हणजे यूटीएफ-8 ची नोंद, एमेट न विसरता देते, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. ती नसेल तर देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसू शकतात. पण ती ओळ कशासाठी आहे हे तोंडी परीक्षेत विचारले, तर उत्तर यायला हवे, आणि ते हाताने लिहिल्यावरच येते.

हाताने लिहिताना वेग मंदावतो, यात शंका नाही. टॅग कोणत्या टॅगच्या पोटात आहे, तो कुठे संपतो, याचा विचार करावा लागतो. ब्राउझर बंद न केलेले टॅग मुकाट्याने सांभाळून घेत असल्याने ही शिस्त पडद्यावरून कळत नाही, ती लिहिण्यातूनच अंगवळणी पडते. शिवाय लेखी परीक्षेत कागदावर एमेट नसते, आणि काही नोकऱ्यांमधील बंदिस्त संगणकांवर बाहेरचे एक्स्टेन्शन बसवण्याची परवानगी मिळत नाही.

बंदी कायमची असावी असे मी म्हणत नाही. सत्राअखेरीस प्रत्येक विद्यार्थ्याने एडिटरच्या स्निपेट सुविधेत (जिथे कोडचे तयार तुकडे साठवता येतात) स्वतःचा सांगाडा तयार करावा आणि त्यातील ओळ न् ओळ शिक्षकांना समजावून सांगावी; त्यानंतर एमेट खुशाल सुरू करावे. तोपर्यंत व्हीएस कोडच्या सेटिंग्जमध्ये एमेटच्या सूचना बंद करता येतात. पुढे सुरू करताना त्याच सेटिंग्जमध्ये एमेटच्या भाषेचे मूल्य बदलून मराठीचा ‘एमआर’ हा संकेत टाकता येतो. यासाठी खर्च नाही, कुणाची मंजुरीही लागत नाही. येत्या सत्राच्या प्रात्यक्षिकांपूर्वी विभागप्रमुखांनी प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर एवढे करून घ्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
संगणकशास्त्राची एक अध्यापिका, सातारा