पिशवी काढली, नळ्या राहिल्या : मंत्रिमहोदयांना सोलापूरहून खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी आमच्या भागात आपल्या हस्ते महिलांच्या कॅन्सर शिबिराचं उद्घाटन झालं. नारळ फुटला, फेटे झाले, आपण वीस मिनिटं बोललात. मी तिसऱ्या रांगेत होते. रक्त दिलं. गुरुवारी मोबाईलवर रिपोर्ट आला : सीए-125 (अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं एक प्रथिन), 41. पुढे लाल बाण. नॉर्मल 35 पर्यंत. त्याखाली एक ओळ नाही, विचारायला नंबर नाही. जिची सख्खी बहीण मार्चमध्ये अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली, तिच्या हातात आपण हा बाण दिलात आणि पुढच्या दौऱ्याला निघालात.

शनिवारपर्यंत मला घास गेला नाही. शेवटी ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "रक्त दिलं तेव्हा पाळी होती का?" होती. "मग वाढतं. गर्भाशयात गाठी असल्या तरी वाढतं, पोटाचा टीबी असला तरी वाढतं. नुसत्या या आकड्यावर काही ठरत नाही. पण तुमच्या घरात झालंय, तर सोनोग्राफी करून घ्या." शिबिरात मला वय विचारलं, आधार विचारलं, फोटोसाठी रांग सरळ करायला लावली. पाळीचं कुणी विचारलं नाही.

साहेब, मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग करते. शिक्षण दहावी. तरी भाचीकडून वाचून घेतलं ते सांगते. इंग्लंडमध्ये 2 लाखांवर बायकांवर 2001 पासून याच तपासणीचा अभ्यास झाला. दरवर्षी रक्त, सोनोग्राफी, सगळं. निकाल 2021 ला लागला : धडधाकट बायकांची अशी तपासणी करून मृत्यू कमी होत नाहीत. अमेरिकेत 78 हजार बायकांचा निकाल 2011 लाच आला होता. तिथं तर कॅन्सर नसताना हजारावर बायकांवर ऑपरेशन झालं. हे कटिंगवालीला कळतं आणि खात्याला कळत नाही? की कळतं, पण शिबिराच्या व्हॅनचं टेंडर आधीच निघालेलं असतं?

आता अक्काचं ऐका. ती विड्या वळायची. मांडीवर सूप घेऊन बसायची. एक दिवस म्हणाली, "सूप बसंना गं मांडीवर, पोट आडवं येतंय." दोन घास खाल्ले की पोट भरायचं, लघवीला सारखं जावं लागायचं. परकराची नाडी दर आठवड्याला सैल करायची आणि आम्ही हसायचो, सुटलीस म्हणून. ते हसू मला आता झोपू देत नाही. पहिले डॉक्टर म्हणाले गॅस. दुसरे म्हणाले पित्त. तिसऱ्यांनी विचारलं, "गर्भपिशवी काढलीय ना? मग त्या बाजूचं काही नाही." सोनोग्राफीची तारीख मिळाली पाच आठवड्यांनंतरची. पोटात पाणी निघालं, तर दोन महिने टीबीच्या गोळ्या. मुंबईला पोचलो तेव्हा तिसरी स्टेज. पहिल्या तक्रारीपासून सात महिने गेले होते. पहिल्या स्टेजला सापडलं तर शंभरातल्या नव्वद बायका पाच वर्षं काढतात म्हणे.

तिची पिशवी 2016 ला काढली होती. अंडाशयं ठेवली ते बरोबरच, वय कमी होतं. पण नळ्याही, म्हणजे अंडाशयाकडून पिशवीकडे जाणाऱ्या बीजनळ्या, ठेवल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं : अंडाशयाचा म्हणतात त्यातला सगळ्यात घातक प्रकार बहुतेक वेळा नळीच्या टोकाला सुरू होतो. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया नावाच्या प्रांतात 2010 पासून डॉक्टरांना सांगितलंय, पिशवी काढताना किंवा नसबंदी करताना नळ्याही काढून टाका. 2022 ला त्यांचा निकाल आला. अशा पंचवीस हजारांवर बायकांत त्या जातीचे पाचेक कॅन्सर निघतील असा हिशेब होता, निघाला एकही नाही. आपल्याकडे पिशव्या काढायला कसला उशीर होत नाही. ऊसतोडणीच्या बायकांच्या काढलेल्या पिशव्यांवरून बीडचा केवढा गाजावाजा झाला 2019 ला! मग जिची खरंच काढावी लागते, तिच्या नळ्यांचा विचार करा, एवढं एक परिपत्रक काढायला काय जातं? नसबंदीत ते तितकं सोपं नाही, वेळ लागतो, हात तयार लागतो, हे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मान्य. मग हात तयार करा.

आणि आपलं वचन. दोन वर्षांपूर्वी याच शहरात आपण म्हणालात, घराण्यात कॅन्सर असलेल्या बायकांची जनुकांची तपासणी मोफत होईल. आमच्या मावशीला अडतिसाव्या वर्षी स्तनाचा झाला होता. बीआरसीए-1 नावाच्या जनुकात दोष असला तर शंभरातल्या चाळीसेक बायकांना अंडाशयाचा होऊ शकतो. ही तपासणी आधी पेशंटची करायची असते. अक्का होती तेव्हा खासगीत 22 हजार सांगितले, आपली मोफत खिडकी उघडलीच नव्हती. आता अक्का नाही. ऑपरेशन आणि केमो योजनेच्या कार्डावर झाले, खोटं कशाला बोलू. पण रोग कळेपर्यंतचं सगळं आमच्या खिशातून गेलं. दीड लाख की पावणेदोन, पावत्या पिशवीत आहेत, बेरीज करायचं धाडस होत नाही.

देशात वर्षाला सत्तेचाळीस हजार बायकांना हा होतो, बत्तीस हजारांवर जातात. आणि आम्ही स्मार्ट सिटी! 2016 च्या पहिल्या यादीत नाव, उजनी धरण उशाला, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. ज्यांना पाण्याची पाळी लावता येत नाही, ते सोनोग्राफीची काय लावणार?

आपल्याकडे होत नाही असंही म्हणू नका. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला 1987 पासून खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवतात, ग्रामीण भागातली देशातली पहिली. शेजारच्या उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, सव्वा लाखावर बायकांवर अभ्यास झाला तो बार्शी आणि मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी केला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी जीव वाचवते हे 2009 ला जगाला त्यांनी दाखवलं. जिथं तपासणी उपयोगी आहे तिथं ती प्रत्येक बाईपर्यंत न्या. अंडाशयाला ती नाही, तर निदान पोट फुगलेल्या बाईला पंधरा दिवसांत सोनोग्राफी द्या. तिला पित्ताची गोळी देऊन घरी पाठवू नका.

अक्काची मुलगी 22 ची आहे. तिला कुठल्या खिडकीवर पाठवू, तेवढं कळवा. आणि मराठीत कळवा. स्वतःच्या फाईलमधलं एक अक्षर अक्काला वाचता आलं नव्हतं.

आपली,
तिसऱ्या रांगेतली एक बाई
सोलापूर