पाकिटाची मागची बाजू

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं, आणि त्यासोबतची ती यादीही. पाकिटावर कुठले आकडे दिसले की विष समजायचं, याची. ती हातात धरून तू अख्खं कपाट रिकामं केलंस आणि आता घरात मीठ आणि वहिनींचा राग एवढंच शिल्लक आहे, हे वाचून मी एकटाच खो खो हसलो. मग खाली रिपोर्ट वाचला आणि हसू आवरलं. साखर काठावर, रक्तदाब काठ ओलांडून पलीकडे. डॉक्टर 'पाकीटबंद खाणं कमी करा' म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत घेतलं, असं लिहितोस. बाहेर रांग असताना त्यांनी तरी किती सांगावं? मला मात्र आज वेळच वेळ आहे. तेव्हा चहा घे आणि बैस.

आधी ती यादी फाडून टाक. तिच्यात ३३० आहे. तो आकडा म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबाचा आंबटपणा. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग, ५०० म्हणजे खायचा सोडा, ४४० म्हणजे फळांच्या सालीतलं पेक्टिन, ज्याच्यामुळे जॅम घट्ट बसतो. लांबलचक रासायनिक नावं प्रत्येक भाषेत छापण्यापेक्षा जगभर एकच आकडा चालावा म्हणून ही पद्धत आली. तू त्या आकड्यांना कैद्यांचे बिल्ले समजलास. सगळेच संत आहेत असं मी म्हणत नाही. प्रक्रिया केलेल्या मांसात बहुतेकदा २५०, म्हणजे सोडियम नायट्राइट असतं, आणि असलं मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली कर्करोगाच्या सिद्ध कारणांच्या गटात टाकलं. (त्याच गटात तंबाखूही आहे, म्हणून दोन्ही सारखेच घातक, असा अर्थ मात्र काढू नकोस. पुरावा किती पक्का आहे एवढंच तो गट सांगतो, धोका किती मोठा ते नाही.) पण तुझा रक्तदाब वाढवणारा इसम बहुधा त्या आकड्यांत नाहीच. तो घटकांच्या यादीत साध्या कपड्यांत, ओळखीच्या नावाने उभा आहे. मीठ, साखर, मैदा, तेल. त्यांच्यावरून तुझी नजर सरळ घसरून गेली, कारण ती नावं घरातली वाटतात.

मीही तीन वर्षांपूर्वी असाच सुरू झालो होतो, फक्त माझा उत्साहाचा झटका जास्त जोराचा होता. तेव्हा शिकलेली पहिली गोष्ट सांगतो. घटक मनाला येईल तसे छापत नाहीत, वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. हा नियम आंतरराष्ट्रीय आहे. १९६३ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी मिळून कोडेक्स नावाचा आयोग उभा केला, त्याच्या लेबलच्या मानकात तो आहे. म्हणून पहिली तीन नावं वाचलीस की जवळजवळ सगळा पदार्थ वाचलास. दुसरी युक्ती मला आपोआप सापडली. एका तपकिरी बिस्किटांच्या पुड्यावर पुढे गव्हाची लोंबी, शेत, ऊन, सगळं चित्र काढलेलं. मागे पाहिलं तर पहिला मैदा, मग साखर, मग पाम तेल, आणि संपूर्ण धान्याचं पीठ कुठे, तर मिठाच्या नंतर! बिस्किटात मीठ पडून पडून किती पडणार, चिमूटभर. म्हणजे धान्य त्याहून कमी. तपकिरी रंग होता कॅरामलचा. तेव्हापासून मी यादीत आधी मीठ शोधतो. पुढच्या बाजूला ज्याची जाहिरात केली आहे ते मिठाच्या खाली असेल, तर ते पाहुण्यासारखं दारात डोकावून गेलेलं आहे.

साखरेची गंमत आणखी वेगळी. ती एकाच नावाने आली तर यादीत पहिली येईल आणि ते वाईट दिसेल. म्हणून थोडी साखर, थोडं ग्लुकोज सिरप, थोडं डेक्स्ट्रोज, थोडं इन्व्हर्ट सिरप. एकच माणूस चार टोप्या घालून रांगेत चार जागी उभा राहतो आणि मैद्याचा पहिला नंबर टिकतो. 'वरून साखर घातलेली नाही' असं लिहिलं असेल तर आटवलेला फळांचा रस आहे का बघ, तोही शेवटी साखरच पोचवतो. हे चोरून चाललेलं नाही हं, सगळं छापलेलं असतं. फक्त पाकिटाची शिवण जिथे येते नेमकी तिथे, आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. मी मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचतो. दुकानात लोक बघतात, बघू देत.

आता तक्ता. त्यातला 'एका वेळचं प्रमाण' हा रकाना सोड, १०० ग्रॅमचा बघ. एका वेळी किती खायचं ते कंपनी ठरवते आणि तिला तुझी भूक माहीत नाही. माझ्याकडे सूपचं एक पाकीट होतं, वाडगाभर होईल एवढंच. त्यावर सोडियम ७०० मिलीग्रॅम लिहिलेलं. बरं वाटलं. मग दिसलं की पाकिटात 'दोन वेळचं' आहे. म्हणजे १४०० झालं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं, म्हणजे साडेतीन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि इथे संध्याकाळच्या एका वाडग्यात त्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त संपलं. वर ते खारटही लागत नव्हतं, कारण सोबत साखर होती. साखरेचाही हिशेब सांगून ठेवतो. वरून घातलेली साखर, मध, सिरप, फळांचा रस मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, म्हणजे २००० कॅलरीला सुमारे ५० ग्रॅम. ५ टक्क्यांच्या आत आणलंस तर उत्तमच. चार ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. टोमॅटो केचपच्या एका मोठ्या चमच्यात जवळजवळ एवढी असते, हे कळल्यावर माझा हात जरा अडखळायला लागला.

'अंशतः हायड्रोजनेटेड' हे दोन शब्द दिसले तर मात्र पाकीट वाचत बसू नकोस, ठेवून दे. पातळ तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायची कृती १९०२ च्या सुमारास विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पेटंट केली. ती अर्धवट केली की ट्रान्स फॅट तयार होतं, आणि ते हृदयाला वाईट, यावर आता कुणाचं दुमत उरलेलं नाही.

हे सगळं मुखोद्गत झाल्यावर मला वाटायला लागलं होतं की खेळ फक्त मीठ, साखर आणि तेलाचाच आहे. मग २०१९ चा एक प्रयोग वाचला आणि माझी जरा पंचाईत झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना महिनाभर आपल्याकडे ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात घडवलेलं अतिप्रक्रियायुक्त जेवण, दोन आठवडे साधं. ताटात वाढताना कॅलरी, साखर, मीठ, स्निग्ध पदार्थ, चोथा सगळं जुळवलेलं, आणि हवं तेवढं खायची मुभा. कारखान्याचं जेवण असताना माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलोने वाढली, साध्या जेवणावर तेवढीच उतरली. ती खातही भराभर होती. प्रयोग लहान आहे, हे कबूल. पण मला पटला, कारण चिप्सचं पाकीट 'दोनच' म्हणून उघडून तळाशी हात लागेपर्यंत मी थांबलेलो नाही, आणि उकडलेल्या बटाट्याच्या बाबतीत असं आजवर एकदाही झालेलं नाही.

म्हणून मग स्वयंपाकघरात शिरलो. हे प्रकरण नीट सांगतो, कारण तू आता त्याच वाटेवर दिसतोस. पहिल्या महिन्यात मी ब्रेड, सॉस, बिस्किटं, मेयोनेज, सगळं घरीच करायचं ठरवलं. ब्रेडला पीठ, पाणी, यीस्ट, मीठ, चारच वस्तू लागतात, हे खरं. पण त्याशिवाय आख्खा रविवार लागतो, हे कुणी सांगत नाही. तिसऱ्या रविवारी जी वीट निघाली तिच्यावर घरच्यांनी मतदान घेतलं आणि मी पडलो. आता ब्रेड विकतच आणतो, फक्त पहिलं नाव संपूर्ण गव्हाचं पीठ असलेला.

सॉसचं तर विचारू नकोस. टोमॅटो, कांदा, लसूण, मीठ. पाऊण तास मंद आचेवर आटवला, घरभर वास, आणि मी इतका खूश की दोन लिटर करून बाटल्या भरल्या. नवव्या दिवशी झाकण उघडलं तर आतल्या काठाला पांढरी केसाळ कडी. सगळ्या बाटल्या ओतल्या. त्या दिवशी २११, म्हणजे सोडियम बेंझोएट, याच्याबद्दल मनात पहिल्यांदा आदर निर्माण झाला. ते तिथे उगाच नसतं, त्याला काम असतं. आता थोडाच करतो आणि उरलेला बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो, लागेल तेवढ्या वड्या काढायच्या. तुलाही बजावून ठेवतो, लसूण तेलात बुडवून बाहेर कधी ठेवू नकोस, हवा न लागता बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू त्यात वाढू शकतात. आणि राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, किमान १० मिनिटं तरी खळखळून उकळल्याशिवाय मंद आचेवर सोडू नकोस. अर्धाकच्चा राजमा पोट पिळवटून काढतो. घरचं म्हणजे आपोआप निर्धोक, असं काही नसतं.

पण एक गोष्ट जमली ती कायमची जमली. पीनट बटर. विकतच्या बरणीवर होतं: शेंगदाणे, साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, मीठ, इमल्सिफायर (म्हणजे मिश्रण एकजीव ठेवणारा पदार्थ) ४७१. म्हटलं करून तर बघू. दाणे मंद आचेवर भाजले, सालं चोळून फुंकली आणि मिक्सरला लावले. आधी भरड कूट झालं. मग ते ओलसर होऊन भांड्याच्या कडांना थापलं गेलं, खाली पातं नुसतंच फिरायला लागलं. खरवडायचं, फिरवायचं, परत खरवडायचं. मिक्सर तापला म्हणून दहा मिनिटं थांबलो, मनात म्हटलं, गेलं वाया. पुन्हा चालू केला आणि अर्ध्या मिनिटात त्या गोळ्याला एकाएकी चकाकी आली, तो सैल पडला आणि स्वतःच्याच तेलात गोल गोल वाहायला लागला. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. चिमूटभर मीठ टाकलं, झालं.

दुसऱ्या दिवशी बरणीत वर बोटभर तेल तरंगत होतं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. विकतच्या बरणीतलं ते हायड्रोजनेटेड तेल कशासाठी? तर हे तेल वर येऊ नये म्हणून! महिनोन् महिने फळीवर बरणी देखणी दिसावी म्हणून. मला तर चमच्याने दोनदा ढवळलं की पुरतं. तेव्हापासून मी कुठलाही घटक बघितला की एवढंच विचारतो, हा कुणाच्या कामाचा आहे, माझ्या की फळीवरच्या बरणीच्या? ३३० माझ्याही कामाचा आहे. २११ बाटली महिनाभर चालावी म्हणून आहे, चालेल. पण चार टोप्यांची साखर आणि स्वस्तात भर घालणारं स्टार्च माझ्या काहीच कामाचं नाही. आणि गोठवलेल्या मटारच्या पिशवीवर काय लिहिलेलं असतं ठाऊक आहे? 'मटार.' बस्स. ती पिशवीही पाकीटबंदच आहे, आणि तूही ती परवा फेकलीस ना? परत आण.

सगळं घरी करायच्या फंदात पडू नकोस, माझ्यासारखा तोंडघशी पडशील. तू रोज न चुकता काय खातोस त्यातल्या तीनच गोष्टी कागदावर लिही. मला तुझ्या दोन आत्ताच सांगता येतील: सकाळचं डब्यातलं सीरिअल आणि रात्री कामावरून आल्यावरचं ते झटपट सूप. सीरिअलच्या जागी साधे ओट्स, ज्यांच्या यादीत फक्त ओट्स असतात, वर कापलेलं फळ. सूपसाठी रविवारी मसूर किंवा वाटाणे जास्त शिजवून वाटीवाटीने गोठव. कामावरून आल्यावर एक वाटी गरम पाण्यात सोडायची, वर लिंबू आणि मिरपूड, पाकिटाएवढाच वेळ लागतो. मीठ शेवटी, तुझ्या हाताने, चव बघून. पहिले दोन-तीन आठवडे सगळं अळणी लागेल. मग एके दिवशी बाहेरचं काहीतरी खाशील आणि पाण्याला हात जाईल. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती मात्र डॉक्टर सांगेपर्यंत बंद करायची नाही, हे वहिनींनाही वाचून दाखव.

तिसरी गोष्ट कुठली ते तू कळव. आणि मला नुसतं नाव नको, पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, शिवणीसकट.

तुझा,
दोन लिटर सॉस ओतणारा

ता. क. बरणी पाठवतोय. वर तेल आलेलं असेल, घाबरून फेकू नकोस, ढवळ.