माझे पाऊल ऐकणाऱ्या आप्पांना

आदरणीय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

पंढरपूरहून परतून आज नऊ दिवस झाले. पावलांची सूज उतरली, परंतु तुम्हाला लिहायला बसले की अजूनही डोळे भरून येतात, म्हणून हे पत्र दोनदा अर्धवट राहिले. आदिशक्ती मुक्ताईच्या पालखीबरोबर कोथळीहून निघून बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडत महिनाभराहून अधिक काळ मी चालले, आणि माझ्या पायांना त्यासाठी तयार तुम्ही केलेत, हे चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी एका पदभ्रमण गटात पैसे भरून नाव नोंदवले होते. पहिल्याच रविवारी मनुदेवीच्या वाटेवर सगळी मंडळी पुढे जात, सावलीत माझी वाट पाहत बसत आणि मी धापा टाकत पोहोचले की लगेच उठून चालू लागत; म्हणजे ज्यांना विसाव्याची गरज नव्हती त्यांना तो मिळत होता आणि जिला होती तिला मुळीच नाही. दुपारी गटप्रमुखाने "मावशी, तुम्ही यापुढे रिक्षानेच या" असे सर्वांदेखत सुनावले. ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी गुडघा न तपासता कागदावरचे 57 हे वय तेवढे पाहिले आणि गच्चीवर फेऱ्या मारायला सांगितले. त्या दोघांवरचा राग अजून गेलेला नाही, आणि तो गेला असे मी खोटे लिहिणार नाही.

तुम्ही वय विचारलेच नाही. रेल्वेत कीमन म्हणून हातोडी खांद्यावर घेऊन, रूळ घट्ट धरून ठेवणारी एकेक चावी तपासत, उभी नोकरी रुळांच्या कडेने चाललेले तुम्ही. पहिल्या पहाटे भुसावळहून तापीच्या पुलाकडे निघताना एवढेच म्हणालात, "ताई, तू पुढे चाल, मी मांगे शे." चार दिवस तुम्ही एक शब्दही न बोलता माझ्यामागून आलात. पाचव्या दिवशी मला कठड्यावर बसवलेत, माझा डावा बूट स्वतःच्या हाताने काढून मांडीवर घेतलात आणि टाचेची एका बाजूने झालेली झीज बोटाने दाखवत म्हणालात की हा पाय घासतो, आवाजावरून कळते. हातोडीच्या ठोक्यावरून सैल चावी ओळखणारे कान इतके दिवस माझे पाऊल ऐकत होते! सत्तरी ओलांडलेल्या माणसाने माझा धुळीने माखलेला बूट मांडीवर ठेवला, याचा संकोच मला त्या वेळी बोलता आला नाही. तिथे बसल्या बसल्याच, मी ही वारी करणार, हे माझे पक्के झाले.

पुढचे सात महिने तुम्ही दिलेली शिस्त मी पाळली. चालून पाय फुगतात म्हणून नवे बूट संध्याकाळी आणि एक नंबर मोठे घेतले. पाठीवरचे ओझे 2 किलोपासून हळूहळू 6 किलोपर्यंत नेले. एका दिवसात खूप चालण्यापेक्षा लागोपाठ दोन दिवस चाला, कारण खरी परीक्षा दुसऱ्या सकाळच्या आखडलेल्या पायांची असते, हे तुमचे सांगणे वारीत रोज पटले. वैशाखातल्या आपल्याकडच्या उन्हात पहाटे चारला निघायचे आणि नऊच्या आत घर गाठायचे, हा नियमही तुमचाच. अवकाळी पावसानंतर काळ्या मातीतून चाललो तेव्हा बुटांना शेर-शेर चिखल चिकटला होता, तरी तुम्ही मागे फिरू दिले नाहीत. जालन्याच्या पुढे तसाच चिखल लागला तेव्हा मी घाबरले नाही.

वाटेत गावोगावच्या माणसांनी पिठले-भाकरी वाढली, रात्री अनोळखी बायांनी माझ्या पायांना तेल चोळले. यांतल्या कोणीही, ही मागे का पडते, असे विचारले नाही. दुसऱ्याच्या संथपणाचा हिशेब न ठेवणारी माणसे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत, परंतु त्यांची चर्चा होत नाही. चर्चा होते ती पुढे धावणाऱ्यांची.

येत्या रविवारी पहाटे प्रसाद आणि बुक्का घेऊन येते. वारीचेच बूट घालून येईन. डाव्या टाचेची झीज आता उजवीइतकीच आहे, ती तुम्ही आपल्या डोळ्यांनी पाहावी.

राम कृष्ण हरी.

तुमची,
पुढे चालणारी ताई